तिबेटी वैद्यक म्हणजे आपला आयुर्वेदच का, आणि ते आज कुठे पोचलंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील सत्तरीचे, जुना मधुमेह. दोनएकशे मीटर चालले की पोटऱ्या भरून येतात, थांबावं लागतं. धरमशालेला जाऊन आलेल्या नातेवाइकांनी त्यांच्यासाठी तिबेटी गोळ्या आणल्या आहेत. सकाळ, दुपार, रात्र अशा वेगवेगळ्या पुड्या, आणि शिवाय रेशमी कापडात बांधलेली एक मोठी गोळी. घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो हा आपला आयुर्वेदच, बिनधास्त द्या. दुसरा म्हणतो ही लामांची जुनाट विद्या, हजार वर्षांत जिथल्या तिथे. तर हे शास्त्र आलं कुठून, आज त्यात काय नवं आहे आणि गोळ्या द्यायच्या की नाही?

रेशमातली गोळी तूर्त कपाटात ठेवा, देऊ नका. कारण खाली येईलच. बाकीच्या गोळ्यांचं शेवटी बोलू.

मी आयुर्वेदाचा वैद्य. रसशास्त्र (धातू-खनिजांची औषधं) आणि भैषज्यकल्पना (औषध बनवण्याच्या कृती) हा माझा विषय, आणि त्या निमित्ताने लडाख-धरमशालेकडच्या अमचींबरोबर (तिकडे वैद्याला अमची म्हणतात) बरंच उठणं-बसणं झालं. सोवा-रिग्पाची, म्हणजे तिबेटी वैद्यकाची, पदवी माझ्याकडे नाही. त्यामुळे नाडीबद्दल मी अधिकाराने बोलणार नाही. औषध कसं बनतं याबद्दल बोलेन.

आधी 'आपलाच आयुर्वेद' या दाव्याकडे वळतो, कारण आमच्या व्यवसायातले लोकही तो फार सहज करतात. त्याला आधार आहे. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम तिबेटमधले थोर अनुवादक रिंचेन झांग्पो यांनी वाग्भटाचं 'अष्टांगहृदय' तिबेटीत नेलं, आणि त्यावरची काश्मिरी चंद्रनंदनाची टीकाही. दोन्ही अनुवाद तिबेटी बौद्धांच्या तेंग्यूर या ग्रंथसंग्रहात आहेत. गंमत बघा, चरक आणि सुश्रुत तिबेटीत गेले नाहीत. गेला तो वाग्भट. याच 'अष्टांगहृदया'वर तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, 'आयुर्वेदरसायन' टीका लिहीत होता. निर्णयसागरच्या छापील प्रतीत ती अरुणदत्ताच्या टीकेबरोबर आजही वाचता येते. म्हणजे एकाच पोथीवर ल्हासाकडे आणि देवगिरीला, दोन्हीकडे अभ्यास चालला होता आणि एकमेकांची गंधवार्ता नव्हती.

तिबेटी शास्त्रातले तीन दोष लुंग, त्रीपा आणि बेकेन हे आपल्या वात, पित्त, कफाशी जुळतात. सहा रस, द्रव्यांचे गुण, ऋतुचर्या, गर्भाची वाढ, सात धातू, यातलं पुष्कळसं आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला अनुवाद न वाचताही कळेल. त्रिफळा तर जशीच्या तशी आहे: अरुरा, बरुरा, क्युरुरा म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा.

पण इथेच थांबलं तर फसगत होते. वाग्भटात नाडीपरीक्षा नाही. आपल्याकडे नाडी ग्रंथात ठळकपणे येते ती शार्ङ्गधरापासून, आणि त्याच्या आधीच्या तिबेटी ग्रंथात ती सविस्तर, नियमबद्ध सापडते. तीन बोटं, प्रत्येक बोटाच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूखाली एक अवयव, ऋतूप्रमाणे बदलणारी नाडी. यावर चिनी छाप आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. मूत्रपरीक्षा तर त्यांनी फारच पुढे नेली. सकाळचं पहिलं मूत्र पांढऱ्या भांड्यात घ्यायचं आणि बारीक काड्यांनी घुसळून बघायचं. गरम असताना रंग, वाफ, वास आणि बुडबुडे. कोमट झाल्यावर साय आणि गाळ. थंड झाल्यावर ते कधी आणि कुठून बदलायला लागलं. लुंग वाढलेला असेल तर झऱ्याच्या पाण्यासारखं निळसर, मोठ्या बुडबुड्यांचं. त्रीपात लालसर पिवळं, उग्र वासाचं, भरपूर वाफेचं. बेकेनमध्ये पांढुरकं, वास कमी, बुडबुडे लाळेसारखे. शिवाय डाग देणं, रक्तमोक्षण, गरम तेलात बुडवलेल्या पुरचुंडीने विशिष्ट जागा शेकणं (याला ते होर्मे, म्हणजे मंगोल पद्धत म्हणतात). परंपरा असंही सांगते की सातव्या शतकात सोंगत्सेन गाम्पो राजाच्या दरबारी भारत, चीन आणि पश्चिमेकडून वैद्य बोलावले होते आणि पश्चिमेकडच्याचं नाव होतं गालेनोस. हा अर्थातच खुद्द ग्रीक गेलन नव्हे, तो चारशे वर्षं आधी वारला होता. पण इराणमार्गे आलेली ग्रीक विद्या त्यांना ठाऊक होती याची ही आठवण म्हणायला हरकत नाही.

हे सगळं एकत्र बांधलं गेलं ते बाराव्या शतकात 'ग्यूशी' या ग्रंथात. अर्थ सरळ आहे: चार तंत्रं. मूलतंत्र, व्याख्यातंत्र, उपदेशतंत्र आणि उत्तरतंत्र मिळून १५६ अध्याय. त्यातले ९२ एकट्या उपदेशतंत्रात, म्हणजे प्रत्यक्ष चिकित्सेत. कर्तृत्व युथोक योन्तेन गोन्पो (धाकटे) यांच्याकडे जातं. विद्यार्थी आजही त्याचा मोठा भाग पाठ करतात आणि तो झाडाच्या रूपात मांडून दाखवतात: ३ मुळं, ९ खोडं, ४७ फांद्या, २२४ पानं. मी हे एकदा तोंडी परीक्षेत पाहिलं आहे. मुलगी डोळे मिटून पानागणिक एकेक चिन्ह, एकेक आहार, एकेक औषध म्हणत होती आणि परीक्षक मध्येच एखादं पान उलटं विचारत होते. आमच्या कॉलेजात सूत्रस्थानाची अशी तयारी आता दुर्मिळ.

हजार वर्षांत काही बदललं नाही म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 'ग्यूशी' हे बुद्धवचन आहे, संस्कृतातून आलेलं आहे, अशी श्रद्धा मोठ्या वर्गात होती. पण तिबेटी विद्वानांनीच त्यावर शंका घेतल्या. या ग्रंथात त्साम्पा (भाजलेल्या जवाचं पीठ) आहे, तिबेटी पठारावरच्या गोष्टी आहेत, भारतीय ग्रंथांत नसलेली नाडी आहे, मग हा अनुवाद कसा, असा वाद सोळाव्या शतकात तिथे जोरात होता. आपापल्या ग्रंथाला अपौरुषेय मानून गप्प बसणारे लोक हे नव्हेत.

सतराव्या शतकात या शास्त्राला राजसत्तेचं पाठबळ मिळालं. पाचव्या दलाई लामांचा कारभारी देसी सांग्ये ग्यात्सो याने 'ग्यूशी'वर 'नील वैडूर्य' नावाने ओळखली जाणारी टीका लिहिली. अभ्यासासाठी ७९ कापडी चित्रांचा, म्हणजे थांग्कांचा, संच काढून घेतला, आणि १६९६ मध्ये ल्हासाला पोताला राजवाड्यासमोरच्या टेकडीवर चाकपोरी हे वैद्यकाचं विद्यापीठ उभं केलं. ते थांग्के जमलं तर जरूर बघा. गर्भाच्या वाढीतली मत्स्य, कूर्म आणि वराह अवस्था, स्वप्नांवरून निदान, शस्त्रं, वनस्पती, नाड्यांचं जाळं, सगळं शेकडो छोट्या चित्रांत. शरीराची चित्रं काढताना प्रत्यक्ष शव पाहून तपासणी झाल्याचे उल्लेखही त्या काळातले आहेत. ज्या समाजात मृतदेह गिधाडांसाठी कापून दिला जातो तिथे शरीराच्या आतलं दिसणं आपल्याइतकं अशक्य नव्हतं.

१९१६ मध्ये तेराव्या दलाई लामांनी ल्हासात मेन-त्सी-खांग ही वैद्यक आणि ज्योतिषाची संस्था काढली. तिचे प्रमुख ख्येनराब नोर्बू. इथे मठांबरोबर सैन्यातूनही विद्यार्थी घेतले, शिकून आपापल्या ठिकाणी परत जावेत म्हणून. १९५९ च्या चीनविरोधी उठावात चाकपोरी तोफांनी उद्ध्वस्त झालं. १९६१ मध्ये धरमशालेला मेन-त्सी-खांग पुन्हा सुरू झालं, सुरुवातीचा भार येशी धोंडेन यांच्यावर. पुढे दलाई लामांचे वैद्य म्हणून ते जगभर पोचले; २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये गेले. दुसरे तेन्झिन छोद्राक, दोन दशकं चिनी तुरुंग आणि श्रमछावण्यांत काढून १९८० मध्ये भारतात आले. यांचं नाव पुन्हा येईल. लोब्सांग डोल्मा या बाईंनी घराण्याची विद्या चालवून निर्वासितांत आणि परदेशात मोठं नाव केलं. त्रोगावा रिंपोछे यांनी १९९२ मध्ये दार्जिलिंगला चाकपोरीचं नाव पुन्हा लावलं. सारनाथच्या तिबेटी विद्यापीठात आणि लेहलाही हे शिक्षण मिळतं.

इतका इतिहास पुरे. आता नवं काय घडलं ते.

गेल्या शंभर वर्षांत या विद्येत झालेला सगळ्यात मोठा बदल म्हणजे कुठलं नवं औषध किंवा यंत्र नव्हे. वैद्य आणि औषध यांची ताटातूट झाली, हा तो बदल आहे असं माझं मत आहे. बाकीचे बरे-वाईट परिणाम त्याच्या पाठोपाठ आले.

जुना अमची उन्हाळ्यात खिंडींपर्यंत चढून वनस्पती स्वतः गोळा करायचा, स्वतः वाळवायचा, कुटायचा, गोळ्या वळायचा आणि स्वतःच द्यायचा. गावाकडून पैसे क्वचितच. त्याच्या शेताची कापणी गाव करून देई. औषध लागू पडलं नाही तर कुठे बिघडलं हे त्याला सांगता येई, कारण पानापासून पोटापर्यंत सगळं त्याच्या हातून गेलेलं. आज पदवी घेतलेला वैद्य दवाखान्यात बसतो, धरमशालेच्या औषधशाळेतून आलेल्या बरण्यांतून गोळ्या मोजून देतो. मेन-त्सी-खांगचे विद्यार्थी अजून डोंगरावर वनस्पती ओळखायला आणि गोळा करायला जातात, त्यामुळे नाळ पुरती तुटलेली नाही. पण लडाखच्या गावांतलं अमचींचं घराणं मात्र मुलगा सरकारी नोकरीत किंवा पर्यटनात गेला की तिथेच संपतं.

यात नुकसानच आहे असं मी म्हणत नाही. आमच्याकडे हे आधीच होऊन गेलं. पनवेलला १८७२ मध्ये धूतपापेश्वर सुरू झालं, आणि वैद्याच्या खलबत्त्याची जागा हळूहळू छापील चिठ्ठीच्या बाटलीने घेतली. त्यामुळे रत्नागिरीच्या आणि नागपूरच्या रुग्णाला एकच औषध मिळू लागलं, तसं आता लेहच्या आणि मुंबईच्या रुग्णाला मिळतं. कच्च्या मालाची तपासणी करता येते, एका घाणीत काय होतं याची नोंद राहते. हरवतं ते बारीक फेरफाराचं स्वातंत्र्य. बाई अशक्त आहे, हे द्रव्य निम्मं करू, असं अमची म्हणायचा. तयार गोळीत ते जमत नाही.

चीनच्या ताब्यातल्या तिबेटी भागांत ही ताटातूट सरकारी हुकमाने आणि फार वेगात झाली. सांस्कृतिक क्रांतीत दडपलेली विद्या १९८० नंतर उभी राहिली, आणि २००४ पर्यंत औषध बनवणाऱ्यांना कारखान्याच्या दर्जाचे नियम सक्तीचे झाले. छोट्या रुग्णालयांच्या औषधशाळांना ते पेलेनात, मोठ्या कंपन्या पुढे आल्या. सांधेदुखीच्या तिबेटी पट्ट्या तिथे कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात. शिनिंगला या वैद्यकाचं संग्रहालय आहे. पैसा आला, इमारती आल्या. मात्र यंत्राने भराभर वाळवलेली वनस्पती आणि सावलीत वाळवलेली वनस्पती एकच का, हा प्रश्न तिथले जुने वैद्यही विचारतात. 'ग्यूशी'त थंड गुणाची द्रव्यं सावलीत आणि उष्ण गुणाची उन्हात वाळवायला सांगितली आहेत. कारखान्याच्या भट्टीला हा भेद कळत नाही.

भूतानने वेगळा रस्ता धरला, आणि मला तो सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ही चिकित्सा सरकारी आरोग्यव्यवस्थेचा भाग आहे. २००८ च्या राज्यघटनेत तर आधुनिक आणि पारंपरिक, दोन्ही प्रकारची प्राथमिक आरोग्यसेवा मोफत देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. एकाच आवारात दोन्ही विभाग, त्यामुळे रुग्णाला इकडून तिकडे पाठवणं सोपं. अमचीला क्षयाची शंका आली तर त्याला मान खाली घालावी लागत नाही, तो फक्त शेजारच्या खोलीकडे बोट दाखवतो.

भारतात २०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन सोवा-रिग्पाला आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या रांगेत मान्यता मिळाली. २०१९ मध्ये लेहला राष्ट्रीय सोवा-रिग्पा संस्थेला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. २०२० च्या कायद्याने आलेल्या भारतीय वैद्यक आयोगात युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा यांचं एकत्र मंडळ आहे. मान्यतेने अभ्यासक्रम आला, पदवी आली, नोंदणी आली; तोतयांना चाप बसायला सुरुवात झाली. पण वडिलांकडून शिकलेला, पदवी नसलेला साठीचा अमची या चौकटीत कुठे बसवायचा, हे कोडं उरतंच. आमच्याकडे नोंदणी आली तेव्हा वंशपरंपरेच्या वैद्यांचं हेच झालं होतं.

आणि राजकारण. २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत सोवा-रिग्पातली औषधी स्नानं चीनच्या नावाने गेली. २०२३ मध्ये 'ग्यूशी' जागतिक स्मृती नोंदवहीत, तीही चीनकडून. लडाख, सिक्कीम, अरुणाचल, भूतान, मंगोलिया, रशियातलं बुर्यातिया, नेपाळ इतक्या ठिकाणी जिवंत असलेली विद्या कुणा एकाची कशी, यावर भारताचा आणि निर्वासित तिबेटींचा आक्षेप आहे आणि तो मला पटतो. पण रुग्णाच्या पोटऱ्यांना त्याने फरक पडत नाही, म्हणून इथेच सोडतो.

आता खरा अडचणीचा विषय: कच्चा माल. भैषज्यबुद्धाच्या हातात जे फळ दाखवतात तो अरुरा, म्हणजे हिरडा. तिबेटच्या पठारावर हिरडा उगवत नाही. तो शतकानुशतकं दक्षिणेकडून जातो. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी बाया जो हिरडा गोळा करतात, त्याच झाडाचं हे फळ. हिरड्याची निदान टंचाई नाही. कुटकी, जटामांसी, अतिविषा, कोष्ठ यांचं तसं नाही. त्या उंचावर, हळू वाढतात, मुळासकट उपटल्या जातात, आणि त्यांच्यावर आयुर्वेद आणि तिबेटी वैद्यक या दोघांचाही डोळा आहे. कोष्ठ जंगलातून काढून आंतरराष्ट्रीय बाजारात विकायला बंदी आहे. लाहौलमध्ये त्याची शेती होते म्हणून तो मिळतो तरी. कस्तुरी, अस्वलाचं पित्त यांसारखी प्राणिज द्रव्यं भारतात कायद्यानेच बाद झाली. इथे जुनी परंपराच मदतीला येते. एखादं द्रव्य मिळत नसेल तर त्याच रस-गुणाचं दुसरं कोणतं वापरायचं याचे नियम तिबेटी ग्रंथांत आहेत, जसा आपल्या 'भावप्रकाशा'त अभाववर्ग आहे. शिवाय नावांचा घोळ. किराताला, म्हणजे काडेचिराइताला, तिकडे 'तिक्ता' म्हणतात, पण भारतीय, नेपाळी आणि तिबेटी तिक्ता या वेगवेगळ्या वनस्पती आहेत. एखाद्या अभ्यासात 'तिक्ता दिली' एवढंच लिहिलं असेल तर त्या अभ्यासाला काडीची किंमत नाही. म्हणून मला विचाराल तर या क्षेत्रातलं सर्वांत मोलाचं आधुनिक काम वनस्पतींची नेमकी ओळख, त्यांचे नमुने जपणं आणि लागवड हे आहे. त्याच्या बातम्या होत नाहीत.

आता रेशमातली गोळी. तिला रिंचेन रिल्बू म्हणतात, रत्नगोळी. यातल्या काहींत त्सोथेल असतो. पारा अनेक दिवस उकळून, धुऊन, गंधक आणि इतर धातू-खनिजांच्या भस्मांबरोबर मिळवून केलेली काळी पूड. तेराव्या शतकात ओर्ग्येन्पा रिंचेन पाल यांनी ही कृती तिबेटात आणली असं मानतात. निर्वासित झाल्यावर ती पुन्हा जमवली तेन्झिन छोद्राक यांनी, १९८२ मध्ये धरमशालेला. रसशास्त्र शिकलेल्याला यात परकं काही नाही: शोधन (शुद्ध करणं), मारण (भस्म करणं), कज्जली (पारा-गंधक घोटून केलेली काळी पूड) हेच सगळं. तयार पदार्थ मुख्यतः पाऱ्याचा गंधकाशी झालेला संयोग असतो, पाण्यात जवळजवळ न विरघळणारा, त्यामुळे तो मोकळ्या पाऱ्याइतका घातक नाही. तिबेटी औषधांतल्या पाऱ्यावर छोटे अभ्यास झालेत आणि त्यांत ठळक विषबाधा दिसली नाही. पण छोट्या अभ्यासात न दिसणं आणि नसणं यात अंतर आहे. बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचा शोधनिबंध २००४ मध्ये आला, तेव्हा आमच्यातल्या अनेकांनी 'भस्म त्यांना कळत नाही' म्हणून हात झटकले. ते उत्तर तेव्हाही अपुरं होतं.

पाऱ्याचा मारा प्रथम मूत्रपिंडावर पडतो. जुना मधुमेह असलेल्या सत्तरीच्या माणसाचं मूत्रपिंड आधीच दमलेलं असण्याची शक्यता मोठी. सगळ्या रत्नगोळ्यांत त्सोथेल असतो असं नाही, पण तुमच्या हातातल्या गोळीत आहे का हे घरी बसून कळणार नाही. शिवाय यांची नक्कल बाजारात सर्रास मिळते. एवढ्यासाठी ती कपाटात. पौर्णिमेला पहाटे मंत्र म्हणून घ्यायची वगैरे सूचना तिच्यासोबत असतील. त्यांना माझा आक्षेप नाही, आक्षेप पाऱ्याला आहे.

राहिलं संशोधन, आणि इथे तुमच्या वडिलांच्या पोटऱ्यांशी थेट संबंध येतो. बुर्यातियातल्या बादमायेव घराण्याने एकोणिसाव्या शतकात तिबेटी वैद्यक सेंट पीटर्सबर्गला नेलं. त्यातल्या प्योत्र बादमायेव यांनी 'ग्यूशी' रशियनमध्ये आणण्याचं काम केलं. त्या घराण्याच्या पाककृती पुढे पोलंडमार्गे स्वित्झर्लंडला गेल्या आणि १९६९ मध्ये तिथे पाद्मा नावाची कंपनी निघाली. यादीतली अठ्ठाविसावी पाककृती म्हणून 'पाद्मा २८'. मूळ कापूर-२५ हा तिबेटी कल्प, म्हणजे अनेक द्रव्यांचं तयार औषध. पायांच्या रोहिण्या अरुंद होऊन चालताना पोटऱ्या दुखतात, त्या विकारावर याच्या अनेक चाचण्या झाल्या, काही खोट्या गोळीशी तुलना करून. कोक्रेन या, उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१६ च्या समीक्षेने त्या सगळ्या एकत्र तपासल्या. चालण्याचं अंतर काहीसं वाढल्याच्या खुणा आहेत, पण चाचण्या लहान आणि उणिवांच्या, म्हणून खात्रीने शिफारस करता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. पण हे बघा: एका तिबेटी कल्पाची परीक्षा मीटरमध्ये मोजून झाली. 'आमचं शास्त्र तुमच्या फूटपट्टीत मावत नाही' हे वाक्य मी आमच्याकडेही फार ऐकतो आणि मला ते पटत नाही. माणूस दोनशे मीटर चालत होता, आता तीनशे चालतो का, याला कुठल्या शास्त्राची फूटपट्टी लागते?

मधुमेहावर दिल्लीच्या एम्सबरोबर मेन-त्सी-खांगने काम केलं. २००१ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि आहार-व्यायामाला तिबेटी औषधांची जोड दिल्यावर साखर अधिक आटोक्यात आली असं त्यात दिसलं. चांगली सुरुवात, पण त्यावर मोठी इमारत अजून उभी राहिलेली नाही. खरी अडचण अशी की अमची सगळ्या मधुमेह्यांना एकच औषध देत नाही. एकाला बेकेनचं, दुसऱ्याला लुंगचं, सकाळी वेगळं, रात्री वेगळं. एकच गोळी सगळ्यांना देऊन केलेल्या चाचणीत शास्त्रातला निदानाचा भागच गळून पडतो. उपाय आहे: औषध अमचीला ठरवू द्या, फक्त रुग्ण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि निकाल तिऱ्हाईताने मोजावा. आयुर्वेदात असे प्रयत्न सुरू झालेत, सोवा-रिग्पात ते अजून थोडे आहेत. झोप, चिंता, लुंगचे म्हणून ओळखले जाणारे विकार, जुनाट अपचन, सांधे, इथे असं काम आधी व्हावं असं मला वाटतं. अमचीकडे गर्दी तिथेच असते. डाळिंब, दालचिनी, वेलची, पिंपळी घालून केलेला त्यांचा सेंद्रू कल्प मंदाग्नीत द्यायला माझा हात अजिबात अडखळत नाही. आमचं दाडिमाष्टक याच वळणाचं.

तर वडिलांचं. पहिलं काम औषध नाही, तपासणी. घोट्याजवळचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांची तुलना करतात. साधी, बिनदुखापतीची तपासणी आहे, रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे होते. रोहिणीतला अडथळा यात बहुधा कळतो, पण जुन्या मधुमेहात रोहिण्या ताठर होऊन आकडा फसवा चांगला येऊ शकतो, तेव्हा डॉक्टर म्हणाले तर पुढची तपासणीही करून घ्या. सोबत मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. तंबाखू कुठल्याही रूपात सुरू असेल तर ती आजपासून बंद, मिश्रीसुद्धा. तळपायाला जखम, बोट काळं पडणं किंवा झोपेतही पाय दुखणं यातलं काहीही असेल तर वैद्य, अमची, कुणाचीही वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

रोजच्या पुड्यांतल्या गोळ्यांबद्दल: नातेवाइकांनी वडिलांना न दाखवता आणल्या असतील तर त्या त्यांच्या नाहीतच. या शास्त्रात नाडी आणि मूत्र न बघता औषध देत नाहीत. मेन-त्सी-खांगचे दवाखाने भारतभर आहेत, मुंबईतही. वडिलांना घेऊन जा, नोंदणीकृत वैद्य आहेत याची खात्री करा, चालू औषधांची यादी आणि मूत्रपिंडाचे रिपोर्ट समोर ठेवा, आणि त्सोथेल किंवा बचनाग (विषारी मुळी) असलेलं काही नको असं स्पष्ट सांगा. चांगला अमची हे ऐकून रागावणार नाही. त्यांनी दिलेल्या गोळ्या दातांनी चावून कोमट पाण्याबरोबर घ्यायच्या असतात, चवीला कडू असतात, वडील कुरकुरतील. साखरेच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या, इन्सुलिन, यातलं काहीही डॉक्टरांना न विचारता कमी करू नका. तिबेटी औषध सुरू केलं तर पहिला महिनाभर घरच्या यंत्रावर साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा, कारण ती खाली जाण्याचीही शक्यता असते. आणि थांबावं लागेपर्यंत किती मीटर चालले ते आठवड्यातून एकदा त्याच रस्त्यावर मोजून वहीत लिहा. तीन महिन्यांनी ती वही अमचीला आणि डॉक्टरांना, दोघांनाही दाखवा.